कर्ज जुनं झालं म्हणून दर चढा का?

दरवर्षी जून उजाडला की आमच्या दाराबाहेर चपलांची रांग लागते. डोंबिवलीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून मी लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून देते. कुणी फॉर्म सोळा आणतं, कुणी पासबुक, कुणी विम्याच्या पावत्यांचा जुडगा. घरावर कर्ज असलेले व्याजाचा दाखला आणतात. वर्षभरात व्याज किती गेलं आणि मुद्दल किती फिटलं, हे त्या एका पानावर असतं.

२०२५च्या जुलैत अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर असलेले एक दादा आले. दाखला माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "ताई, हे बरोबर छापलंय का बघा. साडेसहा वर्षं हप्ते भरतोय आणि पस्तीस लाखांतले पाचच फिटलेत?"

छापलेलं बरोबर होतं. २०१९च्या सुरुवातीला त्यांनी एका गृहवित्त कंपनीकडून, म्हणजे बँक नसलेल्या पण घरासाठी कर्ज देणाऱ्या कंपनीकडून, २० वर्षांसाठी ३५ लाख घेतले होते. निवृत्तीच्या वर्षीच कर्ज संपावं, असा हिशेब मांडून घेतले होते. आता बाकी ३० लाख, दर ८.७५ टक्के, हप्ता ३० हजारांना जेमतेम कमी, आणि उरलेली मुदत १५ वर्षं. म्हणजे २० वर्षांचं कर्ज न विचारता साडेएकवीस वर्षांचं झालं होतं. निवृत्तीनंतरही हप्ता चालूच राहणार होता. मधल्या काळात दर वाढला तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली गेली, आणि हप्ता बदलला नाही म्हणून यांना काही कळलंच नाही.

त्याच कंपनीची जाहिरात त्या दिवसांत आमच्या स्टेशनबाहेर लागली होती. नव्या ग्राहकाला दर साडेसात टक्के.

मला हा फरक अन्यायाचा वाटतो. तो माझ्यापुढच्या टेबलावर दरवर्षी इतक्या वेळा येतो की याला एखाद्याचं दुर्लक्ष म्हणून सोडून देणं मला पटत नाही. साडेसहा वर्षं एकही हप्ता न चुकवलेल्या माणसापेक्षा काल दारात आलेल्या अनोळखी माणसाला कर्ज स्वस्त का मिळावं? जोखमीचा विचार केला तर उलटच व्हायला हवं. जुन्या ग्राहकाची परतफेडीची सवय कंपनीने स्वतः पाहिलेली आहे. त्याचं कर्ज कमी झालंय, बहुतेक ठिकाणी घराची किंमत वाढलीय, म्हणजे कंपनीचे पैसे आणखी सुरक्षित झालेत. तरीही दर त्यालाच चढा.

हा सवा टक्का केवढा असतो ते आकड्यांत सांगते. ३० लाख बाकी, १५ वर्षं उरलेली. ८.७५ टक्क्यांनी हप्ता येतो २९,९८३ रुपये. साडेसात टक्क्यांनी २७,८१०. महिन्याला २,१७३ रुपयांचा फरक, १५ वर्षांत ३ लाख ९० हजारांच्या वर. आणि हप्ता पूर्वीचाच ठेवून मुदत कमी करून घेतली, तर साधारण २२ हप्ते वाचतात. म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त. दादांच्या मुलीचं इंजिनीअरिंगचं शिक्षण त्यात होतं.

मग लोक म्हणतात, कर्ज दुसऱ्या बँकेत का नेत नाही? पर्याय तर आहे ना! आहे. तो मिळवायलाही बरीच वर्षं लागली. पूर्वी कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड बसायचा. रिझर्व्ह बँकेने जून २०१२मध्ये बँकांच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावरचा तो दंड बंद केला, आणि गृहवित्त कंपन्यांकडच्या बदलत्या दराच्या कर्जालाही आज तो लागत नाही. दार उघडलं हे खरंच. पण त्या दारातून बाहेर पडायला काय करावं लागतं, ते मी दादांबरोबर पाहिलं.

जुन्या कंपनीकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज पुरतं फेडायला किती लागतील ते सांगणारं पत्र. ते मागायला प्रत्यक्ष जावं लागलं, आणि गेल्यावर कारण विचारलं गेलं. मग त्यांच्या ताब्यातल्या मूळ कागदपत्रांची यादी, १२ महिन्यांचं कर्जखात्याचं स्टेटमेंट, सोसायटीची एनओसी, बिल्डरपासूनची सगळी चेन अ‍ॅग्रीमेंट्स. नव्या बँकेकडे पुन्हा पगाराच्या स्लिपा, सिबिल म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, वकिलाचा शोध अहवाल, घराचं मूल्यांकन. खर्चाच्या यादीत प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, वकिलाची फी, नोटीस ऑफ इंटिमेशन (घर तारण ठेवल्याची सरकारी नोंद) आणि मुद्रांक शुल्क. यातलं बरंचसं त्यांनी २०१९ मध्ये एकदा भरलेलं होतं. घर तेच, माणूस तोच, कर्ज कमी झालेलं, आणि खर्च पुन्हा पहिल्यापासून. दादांच्या सहा हाफ-डे गेल्या. पगारी रजा ज्यांना नाही त्यांचा तेवढा रोज बुडतो, आणि ते पाऊलच उचलत नाहीत.

यातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. कर्ज हलवायच्या आधी आम्ही जुन्या कंपनीलाच विचारलं होतं, दर कमी करता का? काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवर बघून सांगितलं, कन्व्हर्जन फी भरा, बाकी रकमेच्या अर्धा टक्का अधिक जीएसटी. म्हणजे १७,७०० रुपये. ते भरल्यावर दर होणार ८.१५. "नव्या लोकांना साडेसात आहे ना?" असं विचारल्यावर ती म्हणाली, ती स्कीम वेगळी आहे. दोन आठवड्यांनी दुसऱ्या बँकेचं साडेसात टक्क्यांचं सॅन्क्शन लेटर, म्हणजे मंजुरीपत्र, हातात आलं, आणि फोरक्लोजर लेटरसाठी अर्ज गेला. तिसऱ्या दिवशी त्याच कंपनीतून फोन आला. ७.६ टक्के, फी माफ, फक्त जाऊ नका.

म्हणजे ७.६ टक्क्यांनी कर्ज देणं कंपनीला पहिल्या दिवसापासून परवडत होतं. मधल्या दोन आठवड्यांत दादांचा पगार बदलला नव्हता, घर बदललं नव्हतं, रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो रेपो दरही बदलला नव्हता. हातात दुसऱ्याचं पत्र आलं, एवढाच फरक. ज्याच्या हातात असं पत्र नाही तो ८.७५ टक्के भरत राहतो, आणि कंपनीचा नफा त्याच्या गप्प बसण्यातून येतो. मला याला बाजारभाव म्हणता येत नाही.

रिझर्व्ह बँकेला हे ठाऊक नाही असं नाही. दर ठरवण्याची मोजपट्टी आपल्याकडे गेल्या तीस वर्षांत कितीदा बदलली पाहा. १९९४मध्ये पीएलआर (प्राइम लेंडिंग रेट, बँकेने स्वतः ठरवलेला मूळ दर), २००३मध्ये त्याचंच सुधारलेलं रूप बीपीएलआर, जुलै २०१०पासून बेस रेट, एप्रिल २०१६पासून एमसीएलआर (बँकेला पैसे उभारायला येणाऱ्या खर्चावर बेतलेला दर), आणि ऑक्टोबर २०१९पासून रेपोसारखा बाहेरचा मापदंड. प्रत्येक वेळी कारण साधारण एकच होतं : रिझर्व्ह बँक दर कमी करते, पण तो कर्जदारापर्यंत पोचत नाही. आणि प्रत्येक वेळी नवी पट्टी नव्या कर्जांना लागली, जुने कर्जदार जुन्या पट्टीवरच राहिले. ज्यांनी स्वतः जाऊन अर्ज केला, ते सुटले. डॉ. जनक राज यांच्या अध्यक्षतेखालच्या रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने २०१७च्या अहवालात हेच नोंदवलं, की दरकपातीचा फायदा नव्या कर्जांना मिळतो आणि आधीच्या कर्जांपर्यंत नीट उतरत नाही.

२०१९च्या नियमात तर एक तत्त्व जवळजवळ मान्यच झालं होतं. जुन्या पट्टीवरचा बँकेचा कर्जदार नव्या पट्टीवर आला, तर त्याच प्रकारच्या नव्या कर्जाला जो दर, तोच त्यालाही लागावा, आणि किरकोळ प्रशासकीय खर्चापलीकडे फी घेऊ नये, असं त्यात आहे. मग उरलं काय? दोन गोष्टी उरल्या. एक, हे मागितलं तरच मिळतं. दुसरी, हा बाहेरच्या मापदंडाचा नियम बँकांना आहे, गृहवित्त कंपन्यांना नाही. त्या आजही आपापला प्राइम लेंडिंग रेट स्वतः ठरवतात. आणि आमच्या कल्याण-डोंबिवली-बदलापूर पट्ट्यात गृहवित्त कंपनीचंच कर्ज घेतलेली घरं माझ्याकडे जास्त येतात, कारण बँकेने कागदांवर नाही म्हटलेलं असतं.

फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आला, पूर्ण एक टक्का. दादांचा दर तेवढ्यात पाव टक्का उतरला. डिसेंबरात रेपो ५.२५ झाला. पण मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो चारवरून साडेसहावर चढला, तेव्हा ती वाढ पोचायला असा उशीर झाला नव्हता. ज्यांनी २०२१मध्ये ६.७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ४० लाख घेतले, त्यांचा हप्ता होता ३०,३००च्या आसपास. दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.२ झाला, तेव्हा ४० लाखांवर महिन्याचं नुसतं व्याजच ३०,६६७. मधे थोडं मुद्दल फिटलेलं धरलं तरी जवळजवळ सगळा हप्ता व्याजातच! यामुळेच ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की दर बदलला की हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला ठरवू द्या. चांगला नियम आहे. पण त्या पत्रात कर्जदाराचा आजचा दर असतो, नव्या ग्राहकाचा आजचा दर नसतो. तुलना करायला लागणारा दुसरा आकडा तिथे नाही.

आणि तुलना ही आपण समजतो तेवढी सोपी नाही. बहुतेक लोक फक्त दर बघतात किंवा फक्त हप्ता बघतात. कर्ज ओढून आणणाऱ्या एजंटला हे चांगलं ठाऊक असतं. दादांना एकाने फोनवर सांगितलं, "हप्ता पावणेसहा हजारांनी कमी करून देतो." खरंच होत होता. ३० लाख साडेसात टक्क्यांनी, पण मुदत पुन्हा २० वर्षं, हप्ता २४,१६८. घरी सगळ्यांना आनंद झाला. मी गुणाकार करून दाखवला. जुन्या चढ्या दराने १५ वर्षांत जाणार होते ५३ लाख ९७ हजार, आणि या स्वस्त दराने २० वर्षांत जाणार होते ५८ लाख. दर सवा टक्क्याने कमी, आणि खिशातून चार लाख जास्त. वर निवृत्तीनंतरची सहा-साडेसहा वर्षं हप्ता. असा फोन आला की पहिला प्रश्न मुदतीचा विचारा. दुसरा, टॉप-अप म्हणजे वरचं जादा कर्ज त्यातच घुसडलंय का? तिसरा, विम्याचा एकरकमी हप्ता कर्जात मिळवलाय का? ऑक्टोबर २०२४पासून प्रत्येक नव्या गृहकर्जाबरोबर की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे, कर्जदाराला कळेल त्या भाषेत. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो तो आकडा त्यात असतो. तो कागद सही करायच्या दिवशी नको, आधी मागा. मराठीतून मागा.

कमी मुदतीच्या स्वस्त दराचं आमिषही आपल्याला नवं नाही. २००९मध्ये स्टेट बँकेने पहिल्या वर्षी आठ टक्के अशी गृहकर्ज योजना आणली, मागोमाग इतरांनीही आणल्या. सुरुवातीची वर्षं संपल्यावर लोकांना हप्ता झेपेल का, या काळजीने रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१०मध्ये अशा कर्जांसाठी करायची तरतूद, म्हणजे बुडीताच्या भीतीने बँकेने बाजूला ठेवायची रक्कम, ०.४० टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर नेली, आणि त्या योजना मावळल्या.

माझा भाचा इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. तिथे तर सगळा बाजारच अशा थोड्या मुदतीच्या दरांवर चालतो. कर्ज २५-३० वर्षांचं, पण दर ठरलेला दोन किंवा पाच वर्षांसाठी. ती मुदत संपली की माणूस पुन्हा बाजारात उतरतो, दर बघतो, कर्ज नव्याने बांधतो. तिकडे याला रिमॉर्गेज म्हणतात. न बघणारा आपोआप बँकेच्या स्टँडर्ड व्हेरिएबल रेटवर, म्हणजे बँक स्वतः ठरवेल त्या बदलत्या दरावर जातो, तो बहुधा बराच चढा असतो. भाच्याची दोन वर्षं नेमकी सप्टेंबर २०२२च्या त्या गाजलेल्या मिनी-बजेटनंतर, म्हणजे तिथल्या सरकारच्या मोठ्या करकपातीच्या घोषणेनंतर, संपत होती. बँकांनी योजना भराभर मागे घेतल्या, दर रोज बदलत होते, आणि तो रोज रात्री लॅपटॉप उघडून बसायचा. पुढे जून २०२३मध्ये तिथल्या सरकारने आणि बँकांनी मिळून एक सनद केली. त्यानुसार मुदत संपायच्या सहा महिने आधीपासून ग्राहकाला नवा दर पक्का करून ठेवता येतो, आणि मधल्या काळात त्याच बँकेत आणखी चांगला दर आला तर तो मागता येतो.

त्यांच्या पद्धतीतलं एक मला आवडतं. तिथे तारीख असते. अमुक दिवशी तुमचा दर संपतोय, हे कर्जदाराला माहीत असतं. आपल्या २० वर्षांच्या बदलत्या दराच्या कर्जात असा एकही दिवस नाही, ज्या दिवशी कर्जदाराने थांबून बघावं. वर्षातून एकदा व्याजाचा दाखला हातात यायचा तेवढंच. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, त्यामुळे माझ्याकडे येणारे निम्मे लोक आता तो दाखलाही काढत नाहीत. कागदाकडे नजर जायचं निमित्तच गेलं.

पण तिकडचं सगळंच उचलावं असं मी म्हणणार नाही. दर दोन वर्षांनी बाजार पालथा घालायची सवय लागलेल्या देशातही असे लोक आहेत, ज्यांना कर्ज हलवताच येत नाही. त्यांच्यासाठी तिथे शब्दच आहे, 'मॉर्गेज प्रिझनर', कर्जाचे कैदी. २००८नंतर कर्जाचे निकष कडक झाले, ते त्यात बसेनात. हप्ता वेळेवर भरतात, पण कमी हप्त्याचं कर्ज द्यायला कुणी तयार नाही.

असे कैदी माझ्या गल्लीतही आहेत. आमच्या मागच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहतात. नवरा करोनात गेला. कर्ज दोघांच्या नावावर होतं, आता त्या पोळीभाजी केंद्र चालवून हप्ता भरतात. दर साडेनऊच्या वर. त्यांना दुसरी बँक घेत नाही, कारण उत्पन्न रोखीतलं, मधे तीन हप्ते थकल्याने सिबिल खाली आलेलं, आणि इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नाही. ओसी बिल्डरने आणली नाही, पालिकेने विचारलं नाही, आणि त्याची किंमत दरमहा ही बाई भरते. ज्यांना दर कमी होण्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांनाच बाजारात फिरता येत नाही. "तुलना करा, जागरूक व्हा" हा सल्ला त्यांना देऊन काय उपयोग?

बँकेत काम केलेले माझे एक परिचित याला उत्तर देतात, आणि ते मी टाळणार नाही. त्यांचं म्हणणं, नव्या ग्राहकाचा कमी दर हा ग्राहक मिळवण्याचा खर्च आहे, तो सगळ्यांनाच द्यायला लावलं तर नव्यांचाही दर वाढेल. शिवाय करारात जो फरक ठरला त्यावर सही कर्जदारानेच केली. पहिला मुद्दा मला मान्य आहे. थोडा वाढेल. आज नव्याला मिळणारी सवलत जुन्याच्या खिशातून जाते, ती बंद झाली तर नव्याचा दर खऱ्या किमतीवर येईल, आणि तोही सहा वर्षांनी जुनाच होणार आहे. दुसरा मुद्दा मान्य नाही. बदलत्या दराच्या करारावर सही करताना माणूस समजतो की बाजाराबरोबर आपला दर बदलेल. आपण मागितलं तरच खाली येईल, असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी एक मोकळीक दिली. रेपोवर बँक जो जादा फरक लावते, त्यातला जोखमीखेरीजचा भाग आधी तीन वर्षांतून एकदाच बदलता यायचा. आता ग्राहक टिकवण्यासाठी तो त्याआधीही कमी करता येतो. म्हणजे जुन्याला नवा दर द्यायला नियमांची अडचण, हे कारणही बँकांकडे उरलं नाही. पण नियम 'करता येईल' म्हणतो. मला तिथे 'करावं लागेल' हवं आहे. एकाच संस्थेत, तशाच घरावर, तेवढ्याच जोखमीच्या नव्या कर्जाला जो दर आहे, तो वर्षातून एकदा ठरलेल्या तारखेला जुन्या कर्जाला अर्जाशिवाय आणि फीशिवाय लागला पाहिजे. गृहवित्त कंपन्यांनाही बाहेरच्या मापदंडाखाली आणलं पाहिजे. तोवर निदान दर तिमाहीच्या स्टेटमेंटवर कर्जदाराच्या दराशेजारी नव्या ग्राहकाचा दर छापणं सक्तीचं करा. एक ओळ छापायला कुणाला खर्च येतो? आणि राज्य सरकारने कर्ज एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाताना त्याच रकमेवर पुन्हा मुद्रांक शुल्क घेऊ नये. ते कर्ज नवं नसतं.

दर शोधून द्यायचं काम आज बहुतेक खासगी संकेतस्थळं आणि एजंट करतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना कमिशन कर्ज देणाऱ्याकडूनच मिळतं. सर्व बँका आणि गृहवित्त कंपन्यांचे नव्या-जुन्या कर्जांचे दर एका सरकारी पानावर, मराठीसह सगळ्या भाषांत, का असू नयेत? म्युच्युअल फंडांची रोजची किंमत एका ठिकाणी बघता येते. घराचं कर्ज त्याहून कितीतरी जास्त घरांना लागू आहे.

दादांनी शेवटी जुन्या कंपनीकडेच ७.६ टक्क्यांवर राहायचं ठरवलं. उरलेली धावपळ टळली, आणि खर्च वजा जाता तेवढाच फायदा होता. हप्ता तोच ठेवायला मी त्यांना लेखी अर्ज करायला लावलं, कारण तोंडी सांगितलं की हप्ता कमी करून मुदत तीच ठेवतात. अर्जाची पोच घेतली. नव्या तक्त्यात शेवटचा हप्ता २०३८च्या अखेरचा आहे, निवृत्तीच्या आधीचा.

तो तक्ता घेऊन ते गेले, आणि मागच्या इमारतीतल्या त्या बाईंनी त्यांना वाटेत गाठून विचारलं, माझं होईल का? त्या संध्याकाळी डब्यांचं काम आवरून माझ्याकडे आल्या. हाताला पिठाचा वास होता. त्यांच्या जुन्या कंपनीला आम्ही आतापर्यंत तीन अर्ज दिलेत. पोच तिन्हींची आहे, उत्तर एकाचंही नाही.